कमाल अठरा व्होल्ट

१ मार्च, रविवार. दुपारी चार.

वहिनींचा फोन. सहा वर्षांनी. दादाचा उजवा डोळा मागेच गेला, आता डाव्याचं ऑपरेशन आहे. तेही आमच्याच गावातल्या हॉस्पिटलात, मंगळवारी २४ ला. डॉक्टरांनी निम्मी-निम्मी शक्यता सांगितली आहे. दोघं रविवारी २२ ला आमच्याकडे उतरायचं म्हणताहेत, चालेल का? मी म्हटलं, विचारता काय वहिनी, या की. त्यावर त्या म्हणाल्या की हे त्यांचं नाही, दादाचंच म्हणणं आहे. तुमची ती बागेतली छोटी आगगाडी एकदा बघून घेतो म्हणाला, दिसतंय तोवर.

फोन ठेवला आणि तडक ही वही उघडली.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. एकतीस वर्षं इंजिन ड्रायव्हर. त्याच्या निरोपसमारंभात मी चार शब्द बोललो होतो. नदीच्या पुलाआधीच्या चढावर त्यानं रोज चार मिनिटं कशी वाया घालवली, ते आलेख काढून समजावलं. आलेखाच्या प्रती वाटल्या. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोललेला नाही. आलेख बरोबर होता, पण असो.

संकल्प: २२ ला दादाच्या हातात रिमोट. बागेत खुर्ची, अंगावर ऊन, आणि गाडी तो स्वतः चालवतोय. एकवीस दिवस आहेत. चिक्कार झाले.

२ मार्च, सोमवार. ऑफिस, जेवणाची सुट्टी.

परिस्थितीचा आढावा. गाडी: हातभर लांब इंजिन, मागे तीन डबे. रूळ पितळी. पाण्याच्या टाकीभोवती गोल लाइन. तिला यंदा एक फाटा काढलाय, त्याच्या टोकाला कुंपणाखाली वळसा. गाडी वळशात शिरते, फिरते आणि तोंड उलटं करून त्याच फाट्यानं परत येते. डिझाइन माझं. अजून गाडी त्यावरून नेलेली नाही, पण कागदावर निर्दोष आहे.

वीज: स्वयंपाकघराच्या खिडकीत जुना कंट्रोलर. प्लग आत, दोन वायरी बाहेर रुळांपर्यंत. नॉब फिरवला की गाडी चालते. चालते व्यवस्थित, नाही असं नाही. पण चालवणारा माणूस सिंकशी, खरकट्या भांड्यांच्या शेजारी उभा. एकतीस वर्षं इंजिनात उभ्या राहिलेल्या माणसाला मी सिंकशी उभा करू?

तक्ता केला. पर्याय एक: वीज रुळांतून, हातात रिमोट. पर्याय दोन: डब्यात बॅटरी, हातात रिमोट. बॅटरी खेळण्यांना असते. पर्याय एक पक्का. पाच मिनिटांत निर्णय. आमच्या सेक्शनला हे कधी जमणार?

४ मार्च, बुधवार. सायंकाळी.

मॉडेलच्या दुकानात गेलो. दुकानदार एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर लावतो. मी त्याला मनात दुचष्मी म्हणतो. त्यानं विचारलं, तुमचं इंजिन किती अँपिअर खातं? मी म्हटलं, पुरेसं. तो म्हणाला, मोजलंय का? असल्या प्रश्नांनी गिऱ्हाइकाला खाली पाडायचं, ही यांची जुनी पद्धत.

मग वळशाबद्दल विचारलं. कागद दाखवला. त्यानं चष्म्यांची अदलाबदल केली आणि म्हणाला, साहेब, वीज रुळांतून दिलीत तर इथे घोटाळा आहे. गाडी फिरून परत येते तिथे डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो. शॉर्ट होणार. एक तर वळसा विसरा, नाही तर बॅटरी घ्या. बॅटऱ्या त्याच्या मागच्या कपाटात थप्पी लावून ठेवलेल्या मला स्पष्ट दिसत होत्या. मी नुसता हसलो.

रिमोट आणि रिसीव्हर घेतला. रिसीव्हर म्हणजे काडेपेटीएवढी डबी. रिमोटचं ऐकते आणि त्याप्रमाणे रुळांना वीज सोडते. तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलंय: कमाल १८ व्होल्ट. पॉवर सप्लाय मात्र त्याच्याकडून घेतला नाही. बाजारातल्या इलेक्ट्रिकवाल्याकडे दुकानांच्या पाट्यांच्या दिव्यांसाठी ठेवतात तो मिळाला, जाळीच्या डब्यातला. २४ व्होल्ट, १० अँपिअर. जास्त असलेलं कधीही बरं. नॉब कमी फिरवायचा, झालं.

७ मार्च, शनिवार. सकाळी ९.३०.

जोडणी पूर्ण, ९.१० ला. ९.११ ला बायकोनं आतून विचारलं, कसला वास येतोय? मी म्हटलं, नवीन वस्तूंना येतो तसा वास. ती बाहेर आली. ती दातांच्या डॉक्टरांकडे असिस्टंट आहे, त्यामुळे जळलेलं काय आणि न जळलेलं काय, हे तिला लांबूनही कळतं. तिनं डबी उचलून त्यावरचं वाक्य मला मोठ्यानं वाचून दाखवलं.

बनावटीतला दोष. कमाल म्हटलं म्हणजे थोडी सूट धरलेली असतेच, ती यांनी धरलेली दिसत नाही.

उरलेले दिवस पंधरा.

८ मार्च, रविवार. दुपारी.

बायको म्हणते, जुन्या कंट्रोलरवर चालतेय ना गाडी? दादांना खिडकीशी उभं करू, मी भांडी आधीच घासून ठेवीन. मी आवाज चढवला. मग उतरवला. तिला म्हटलं, तो आंधळा व्हायच्या आधी शेवटचं इंजिन चालवणार आहे कदाचित, ते सिंकशी नाही चालवणार. हे बोलून गेलो. तोवर ‘आंधळा’ हा शब्द घरात कुणी उच्चारला नव्हता.

११ मार्च, बुधवार. सकाळी ७.४०.

चालली! नवा रिसीव्हर, नवा पॉवर सप्लाय, १८ व्होल्ट (हा आकडा विचारांती माझा मीच ठरवला). गोल लाइनवर नऊ फेऱ्या, हातात रिमोट, मी चक्क लिंबाखाली उभा. बायकोनं तोंडात ब्रश धरून टाळ्या वाजवल्या. मग चूळ भरून आली आणि म्हणाली, आता २२ तारखेपर्यंत कशालाही हात लावू नका. शपथ घ्या.

घेतली.

सायंकाळी ६. शपथ गोल लाइनपुरती होती. फाटा वेगळा. गाडी वळशात नेली. टिक्! सगळं बंद. पुन्हा नेली. टिक्! चार वेळा. रिसीव्हर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो, हा त्याचा गुण आहे. म्हणजे माल अस्सल आहे. शॉर्ट वगैरे नसणार, मुंग्या असतील.

१४ मार्च, शनिवार.

मुंग्या काढल्या. रूळ घासले. टिक्. सांधे घट्ट केले. टिक्. बायको वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाली, त्या वळशावाचून काय अडलंय? तिला कसं सांगू! गोल लाइन कुणीही घालतं. वळसा दाखवला की दादाला कळेल, मला यातलं समजतं. त्यासाठी तर हे सगळं चाललंय. म्हणजे त्याच्यासाठी.

१५ मार्च, रविवार. दुपारी.

वहिनींचा फोन. मागून दादाचा आवाज ऐकू आला. सहा वर्षांत पहिल्यांदा. वहिनींनी निरोप पोचवला: हे विचारताहेत, लाइनवर कुठे चढ आहे का?

मी म्हटलं, नाही वहिनी, सगळं सपाट आहे. मग वहिनी म्हणाल्या, बरं म्हणाले.

यातून काय समजायचं? दुपारभर विचार केला. चहा दोनदा गार झाला.

१८ मार्च, बुधवार.

स्वतंत्र विचारांती बॅटरीचा निर्णय घेतला. वीज डब्यात असली की रूळ एकमेकांना कुठेही मिळोत, आपलं काय जातंय? ही कल्पना मला ऑफिसात जिन्यावर सुचली. दुचष्मीला सांगितली. तो म्हणाला, छान कल्पना आहे.

त्यानं बॅटरी दिली, रिसीव्हर डब्यात कसा बसवायचा ते दाखवलं आणि एक गोष्ट तीनदा बजावली: इंजिनाच्या चाकांपासून आत गेलेल्या दोन वायरी आधी कापा. नाही कापल्या तर बॅटरीची वीज चाकांतून रुळांत उतरेल आणि वळशात जे व्हायचं तेच होईल. या वेळी बॅटरीला. बिलाच्या मागे लिहून खाली दोन रेघा मारल्या. बिल खिशात आहे.

पण मी विचार केला, चाकांतूनही वीज आणि बॅटरीतूनही. एक गेली तर दुसरी आहे. दादासमोर गाडी थांबता कामा नये. हे दुकानदाराला कसं समजणार? त्याला काय भाऊ येणार आहे!

१९ मार्च, गुरुवार. सायंकाळी ६.

वायरींचं झाळणं, म्हणजे सोल्डरिंग, बायकोनं केलं. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे हे मान्य करावं लागेल. तिनं विचारलं, कुठली वायर कापायची आहे का? नाही म्हटलं. दुकानदार काही बोलले का? मी म्हटलं, शुभेच्छा दिल्या.

गोल लाइनवर उत्तम. वळशात नेणार होतो तेवढ्यात ती म्हणाली, शनिवारी नीट उजेडात बघू. उरलेले दिवस तीन. झोप कमी येते, पण ती उत्साहानं.

२१ मार्च, शनिवार. सकाळी ११.

१०.०५ ला गाडी वळशात शिरली. टिक् झालं नाही. मी ओरडलो, बघ! मग फुस्स असा आवाज आला. डब्याचं प्लॅस्टिकचं छप्पर मेणासारखं खाली बसलं, धूर निघाला. मी रिमोटवरचं थांबा बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दाबतच राहिलो. बायकोनं कुंडी उचलून मातीसकट डब्यावर उपडी केली, मग फावड्यानं सगळं उचलून बादलीत घातलं आणि बादली शेडमध्ये नेऊन ठेवली.

परत येऊन तिनं विचारलं, दुकानदारानं शुभेच्छा कशावर लिहून दिल्या होत्या? मी बिल दिलं. तिनं वाचलं, घडी घातली, परत दिलं.

इंजिन वाचलं. रिसीव्हर गेला. दुचष्मीला फोन केला, नवा गुरुवारी येईल म्हणाला. गुरुवार २६ तारखेला आहे.

दुपारी ३. जुना कंट्रोलर जोडून पाहिला. गोल लाइनवर इंजिन आणि उरलेले दोन डबे चालताहेत. म्हणजे सिंक.

दुपारी ४. उपाय सापडला. दादाला जेमतेम दिसतं. रिमोट शाबूत आहे, त्यावरचा हिरवा दिवा लागतो. दादा बागेत बसून रिमोट फिरवेल, बायको खिडकीत पडद्याआडून कंट्रोलर फिरवेल. खुणा मी करणार. डोक्याला हात म्हणजे सोड. कान चोळला म्हणजे हळू. खोकलो म्हणजे थांब.

बायको म्हणाली, ही फसवणूक आहे. मी म्हटलं, ही व्यवस्था आहे. शेवटी तयार झाली, पण एका अटीवर: ऑपरेशनच्या आधी मी स्वतः दादाला खरं सांगायचं. कबूल केलं. योग्य वेळी सांगीन.

२२ मार्च, रविवार. सकाळी ६.

तालीम दोनदा झाली. दुसऱ्या वेळी मला खरंच खोकला आला आणि गाडी थांबली. तेवढं जपायला हवं.

११.२०. आले. दादा किती वाळलाय. काळा चष्मा, वहिनींच्या दंडाला धरून फाटकातून आत आला. मी वाकलो तर म्हणाला, असू दे. मला उद्देशून सहा वर्षांत पहिले दोन शब्द. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवून आलो.

दुपारी १.३०. लिहायला आत्ता फुरसत. क्रमानं लिहितो.

दादाला लिंबाखाली खुर्चीत बसवलं, रिमोट दिला. त्यानं तो तळहातावर तोलला, नॉब कुठे ते अंगठ्यानं चाचपलं. मग हळूच फिरवला. मी डोक्याला हात लावला. गाडी सुटली! दादानं मान तिरकी करून कान लावला. वळणावर त्यानं वेग कमी केला, मी कान चोळला. सरळ लाइनवर वाढवला, मी डोक्याला हात नेला. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, डोक्यात कोंडा झालाय का? मी म्हटलं, हो. घामानं शर्ट भिजला होता.

दोन फेऱ्या झाल्या आणि दादानं एकदम नॉब शून्यावर आणला. मी खोकलो. खिडकीत हालचाल नाही. गाडी चाललीय. पुन्हा खोकलो. चाललीच आहे. जिवाच्या आकांतानं खोकलो, तेव्हा कुठे थांबली. (कुरिअरवाला आला होता म्हणे.) दादानं रिमोट उलटा करून पाहिला, सुलटा केला, माझ्या हातात दिला. म्हणाला, तू चालव जरा, मी पाणी पिऊन येतो. वहिनी त्याला धरून आत घेऊन गेल्या.

आणि मग चमत्कार झाला. दोनच मिनिटांत बायको बाहेर आली, माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. मी कुजबुजलो, अगं, तू इथे काय करतेस? ती म्हणाली, पाय दुखले. इतक्यात माझा अंगठा चुकून नॉबला लागला, आणि गाडी सुटली.

मी शांतपणे परीक्षा घेतली. नॉब वाढवला, गाडीचा वेग वाढला. कमी केला, कमी झाला. शून्य, थांबली. बायको माझ्या डोळ्यांसमोर बसलेली. आत फक्त दादा आणि वहिनी, त्यांना त्या कंट्रोलरची काही कल्पनाच नाही. म्हणजे रिमोटवर! रिसीव्हर बरा झाला! तो शेडमध्ये बादलीत मातीखाली आहे हे खरं, पण वायरलेस म्हणजे वायरलेस. थंड झाल्यावर असे भाग पुन्हा काम करू लागतात, मी कुठेतरी वाचलंय. आणि चाल किती मऊ! मी झटक्यानं नॉब फिरवला तरी गाडी अलगद सुटायची. एवढंसं उशिरा, पण अलगद.

पाऊण तास चालवली. बायकोला रिसीव्हरची तांत्रिक बाजू समजावून सांगितली. तिला ठसका लागला, पदर तोंडाला लावून बसली होती. आत स्वयंपाकघरात दादा मोठ्यानं हसला. दादाचं हसू! वहिनींनी काही विनोद सांगितला असावा.

२३ मार्च, सोमवार.

दुचष्मीला फोन करून गुरुवारची ऑर्डर रद्द केली. कारण सांगितलं. त्यानं विचारलं, बादली कुठल्या मापाची?

जेवताना दादाला सगळं समजावलं. रिसीव्हर स्वतःला कसा दुरुस्त करतो, चालीत तो मऊपणा कुठून येतो. तो शांतपणे जेवत होता. मध्येच म्हणाला, खरंच? वहिनी ताटावरून उठून आत गेल्या. बायकोनं मला पायानं ढोसलं. तिला अट आठवत होती. पण आता सांगायचं काय? शेवटी गाडी रिमोटवरच चालली. खरं सांगायला काही शिल्लकच राहिलं नाही.

दादा झोपायला लवकर गेला.

२४ मार्च, मंगळवार. सकाळी ८.१५. हॉस्पिटल.

रिमोट बरोबर आणलाय, सर्जनना दाखवायला. बारीक काम करणाऱ्या माणसाला यात रस वाटेल.

८.५०. दादाला हिरवा झगा घातला. मी पलंगाशी उभा होतो. म्हटलं, बरा झालास की तुला रिमोटवर वळशात गाडी न्यायला देतो. त्यानं हात पुढे केला, मी धरला. तो म्हणाला, अरे, नॉब फार झटक्यानं फिरवतोस तू. परवा तुझी बायको बाहेर गेली आणि मी खिडकीशी उभा राहिलो. तुझी वहिनी मला सांगत होती, आता भाऊजींनी वाढवलं, आता कमी केलं. मी आपला आतून सांभाळून घेत होतो. तुझ्या हिशेबानं सोडली असती तर डबे पडले असते.

मग म्हणाला, सिंकशी मजा आली पण. पंधरा वर्षांनी तरुण झालो.

मग त्याला आत नेलं.

९.४०. बाकावर. बायको आणि वहिनी शेजारी. दोघींना रविवारपासून माहीत होतं. दुचष्मीलाही माहीत असणार. आज संकल्प वगैरे काही नाही. भीती वाटतेय. एवढंच.

११.१०. बाहेर आणलं. डोळ्यावर मोठी पट्टी. सर्जन म्हणाले, आमच्याकडून नीट झालंय, दिसतं का ते उद्या पट्टी काढल्यावर कळेल. मी रिमोट दाखवला नाही.

११.४५. दादा जागा झाला. पहिलं काय विचारलं तर, तो कुठाय? मी जवळ गेलो. त्यानं पाण्याची बाटली मागितली, मी दिली. प्यायला नाही. चाचपत माझा हात शोधला, माझी बोटं बाटलीच्या झाकणावर ठेवली, वर आपली ठेवली आणि म्हणाला, सोड गाडी.

मी झाकण फिरवलं. तो म्हणाला, झटका बसला, लोक पडले. पुन्हा.

पुन्हा फिरवलं. हळू, म्हणाला. अजून हळू. मागे किती डबे आहेत ते हाताला कळलं पाहिजे.

मी हो दादा म्हटलं. तिसऱ्यांदा फिरवलं तेव्हा डोळे मिटून घेतले, त्याचे मिटलेले होते म्हणून. बाटलीतलं पाणी त्याच्या चादरीवर सांडलं. तो म्हणाला, अजूनही बरोबर नाही. दुपारी परत घेऊ.